जुन्या ट्रकचे ड्रम ब्रेक खोलताय? या चुका टाळा

फार्गो, डॉज, बेडफर्ड, जुनी मॅटॅडोर, यातलं काहीही दारात उभं असेल तर तुम्हाला माहितीच आहे, इंजिनाचं काहीतरी जमतं पण ब्रेकचा पार्ट मागितला की दुकानदार आधी तोंडाकडे बघतो. मग आतून धूळ बसलेला कुठलातरी डबा काढतो आणि म्हणतो, "घेऊन जा साहेब, बसतंय." बसतं पण खरंच, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. (मी इथे हायड्रॉलिक ब्रेकचंच सांगतोय, एअर ब्रेकवाल्या गाड्यांचं गणित वेगळं.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना पार्ट भंगारात टाकणं. अहो, या गाडीचा कॅटलॉग म्हणजे तो गंजलेला व्हील सिलेंडरच (चाकातला, ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारा)! त्याच्यावरचा नंबर वायर ब्रशने साफ करून फोटो काढा, बोअर, म्हणजे आतला व्यास, व्हर्नियरने मोजा, आणि दोन्ही बाजू एकदम खोलू नका, एक चाक पूर्ण झाल्यावरच दुसरं, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते बघायला शेजारी नमुना राहतो. डॉज-फार्गोच्या डाव्या बाजूच्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात हेही ध्यानात ठेवा, नाहीतर पोरं पाइप लावून उलटं आवळत बसतात आणि शेवटी स्टड तुटतो.

आता हे मोजायचं का, तर बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन सिलेंडर आतून वेगळे असू शकतात. एक ७/८ इंची आणि एक १ इंची असेल तर तेवढ्याच प्रेशरला १ इंचीचा जोर साधारण ३० टक्के जास्त पडतो. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो बसवलात तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढणारच, मग तुम्ही लायनर (ड्रमला घासणारी पट्टी) बदला, ड्रम बदला, अलाइनमेंट करा, काही उपयोग नाही.

आट्यांचंही तसंच. फार्गो-बेडफर्डचा माल इंची, आणि टाटाने १९५४ पासून मर्सिडीजबरोबर गाड्या काढल्या म्हणून त्यांचा मेट्रिक. ३/८ इंची पाइप नट १० एमएमच्या भोकात आरामात जातो, दोन-तीन आटे पकडतो पण, आणि वाटतं झालं काम. फरक अर्धा एमएमसुद्धा नाही हो! पण घाटात जोरात ब्रेक दाबला की तोच नट आटे सोलून बाहेर येऊ शकतो. हाताने फिरवताना ढिला लागला तर पाना लावूच नका. आणि पाइप बदलायचाच असेल तर स्टीलचा ब्रेक पाइप घ्या, फ्रिज-एसीवाल्याकडचा तांब्याचा नको, हादऱ्याने तो कडक होऊन चिरतो.

खरं सांगायचं तर बरेच पार्ट शोधायची गरजच नसते. सिलेंडरला आतून गंजाचे खड्डे पडलेत? पॉलिश पेपर मारून नवीन रबर किट टाकलं की थोड्या दिवसांत परत गळणार. त्यापेक्षा चांगल्या टर्नरकडून स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, मारून घ्या. कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा कुठल्याही एमआयडीसीत असं काम करणारा माणूस सापडतो, स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह, आणि फिनिश बोअर जुन्याच मापाचा. मास्टर सिलेंडर (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलेंडर) देताना मात्र समोर उभं राहून सांगा की टाकीत ऑइल परत जायचं जे सुईएवढं भोक आहे ते स्लीव्हमध्ये बरोबर त्याच जागी आलं पाहिजे आणि आतली कड गुळगुळीत झाली पाहिजे, कारण रबर रोज त्याच्यावरून सरकतं. कड राहिली तर रबर कापलं जातं, भोक सरकलं तर ब्रेक जाम.

लायनरचं पण तेच, शू (लायनर ज्यावर बसतो ती कमान) नवीन मिळत नसेल तर जुन्या शूवर लायनर मारून मिळतो. रिवेट मधून सुरू करून टोकाकडे मारायचे, टोकापासून सुरू केलं की मधे पोकळी राहते. ड्रम लेथवर आतून टर्न करून मोठा झाला असेल तर जाड लायनर लागतो, नाहीतर तो मधल्या भागातच टेकतो. ड्रमवर कमाल माप कोरलेलं असेल तर त्याच्या पुढे जाऊ नका, आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारखे ठेवा.

ऑइल लागलेला लायनर डिझेल ओतून जाळायची पद्धत आहे आपल्याकडे, ती सोडा. वरून कोरडा दिसतो, गरम झाला की आतलं ऑइल परत वर येतं. आधी हबचा ऑइल सील बदला, मग दोन्ही चाकांचे लायनर. आणि जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, कंप्रेसरने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल किंवा जॅकचं ऑइल? नाही म्हणजे नाही, रबर फुगून सगळी सिस्टीम जाते.

ब्रेक जाम होत असेल तर लगेच रिटर्न स्प्रिंगला दोष देऊ नका. जाम असतानाच त्या चाकाचं निप्पल (एअर काढायचा छोटा स्क्रू) सोडा. चाक मोकळं झालं नाही तर शू, स्प्रिंग किंवा अ‍ॅडजस्टर अडकलाय. मोकळं झालं तर ऑइलचं प्रेशर अडकलंय, होज पाइप आतून सुजलाय किंवा मास्टरच्या पुशरॉडला (पॅडलकडून येणाऱ्या दांडीला) प्ले, म्हणजे थोडी मोकळीकच नाही. सगळीच चाकं जाम असतील तर पुशरॉडच आधी बघा.

पाइपातली एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर उजवीकडेच असेल तर बहुतेक मागचं डावं. आणि पॅडल तळापर्यंत दाबू नका, जुन्या मास्टरमध्ये रोज न वापरलेल्या भागात गंज असतो, रबर तिथे गेलं की फाटतं, म्हणून पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मग मोकळ्या रस्त्यावर हळू थोडं चालवून थांबा आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, हात लावायचा नाही, नुसती धग घ्यायची. एकच ड्रम जास्त तापला असेल तर त्याचा अ‍ॅडजस्टर थोडा मागे घ्या आणि परत चालवून बघा.