बर्फावर गळ टाकायला निघालात? या चुका टाळा

फिनलंडला एका सेमिस्टरसाठी गेलेली पोरं गोठलेल्या तळ्यावर स्टुलं टाकून बसलेले आजोबा बघतात आणि पुढच्याच शनिवारी बर्फाला भोक पाडायचं कुणाचं तरी गिरमिट उसनं घेऊन निघतात. परवाना लागत नाही, हे खरं. एका काठीने पिल्क्की करायला, म्हणजे बर्फाला भोक पाडून गळाने मासे धरायला, तिथे सगळ्यांनाच मुभा आहे. फक्त सॅल्मन-ट्राउट फिरतात ते वाहते प्रवाह आणि बंदी घातलेल्या जागा सोडायच्या. पण परवाना नाही म्हणजे अक्कलही नको, असं होत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे काठाजवळ एकदा बर्फ मोजायचा आणि अख्खं तळं पक्कं धरून चालायचं. ठरलेला प्रसंग असा: काठाशी 20 सेंटीमीटर बर्फ लागतो, सगळे निर्धास्त गप्पा मारत दोन बेटांमधल्या अरुंद पट्ट्याकडे वळतात आणि पुढचा गडी छातीपर्यंत पाण्यात. अरुंद जागी, पुलाखाली, ओढ्याच्या मुखाशी, बोरूच्या बेटाजवळ बर्फ पातळच असतो. प्रवाह त्याला खालून खात राहतो. वर बर्फाची भुसभुशीत चादर असेल तर थंडी खाली पोचत नाही आणि तो जाड होत नाही. एका चालत्या माणसाला निदान 5 सेंटीमीटर घट्ट, काचेसारखा बर्फ लागतो, असं तिथे सांगतात. नवख्याने 10 धरावा. पांढरा, दुधी बर्फ निम्म्या ताकदीचा समजा. हातात पहार ठेवा आणि पुढे हाणत चला. एका घावात आरपार गेली, की आल्या वाटेने मागे.

एप्रिलमध्ये तर जाडीवर मुळीच जाऊ नका. उन्हाने बर्फाच्या उभ्या काड्या होतात. सकाळी माणूस पेलणारा जाडजूड बर्फ दुपारी पायाखाली सुटतो.

गळ्यात नास्कालित हवेत, म्हणजे मुठीत धरायचे दोन टोकदार खिळे. जाकिटाच्या वर. बॅगेत ठेवणाऱ्यांनी ते विकत घेतलेच नाहीत असं मी धरतो. बुडालात तर जिकडून आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला पेललेलं असतं. खिळे रुतवा, पाय झाडत पोटावर वर या, उभं न राहता लोळत दूर जा. मदतीसाठी 112.

दुसरी चूक अधीरपणाची. गळ तळाला टेकवा, 5 ते 10 सेंटीमीटर वर घ्या, दोन-तीन बारीक झटके द्या आणि मग तीन-चार सेकंद अगदी स्थिर. आहवेन, म्हणजे तिथला पर्च मासा, बहुतेकदा याच थांब्यात तोंड लावतो. पण पोरं हात थांबवतच नाहीत, ताक घुसळावं तसं चालू. नाहीतर दुसरं टोक: एकच भोक पाडून तासन्‌तास मोबाईल. दहा मिनिटांत काही हललं नाही तर पंधरा पावलं सरका, खोली बदला, नवं भोक पाडा. मासा तुमच्याकडे येण्याची वाट बघू नका. दोरी 0.16 ते 0.20 मिलिमीटरची पुरे. जाड दोरी थंडीत वेटोळीच राहते आणि हलका गळ सरळ लोंबत नाही.

गिरमिट चिकटलेला ओला चुरा झटकायला बर्फावर आपटलं, की पात्याची धार गेलीच. उथळ जागी तळाच्या वाळूत घातलं, तरी तेच. दाब देऊ नका. धारदार पातं स्वतःच खाली जातं. भोकातला चुरा झाऱ्याने काढा.

सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा. बूट एक नंबर मोठा, आत लोकरी मोजा. आमिषाच्या अळ्यांची डबी आतल्या खिशात, नाहीतर गोठतात. फोनही तिथेच, बॅटरी टिकते. स्कीच्या वाटेवर भोक पाडू नका.

मासा मिळाला तर लगेच डोक्यावर ठोका देऊन मारा, बर्फावर तडफडत टाकू नका. आहवेनच्या पाठीवरचे काटे हाताला चांगलेच लागतात, शेपटीकडून डोक्याकडे हात नेऊन उचलू नका. खवले काढत बसण्यापेक्षा कातडीच सोलून दोन फाके करा. हळद, तिखट, मीठ चोळून, रवा लावून तळले की हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बाकीचे पोरगेही ताट घेऊन येतात.