पुराच्या वेळी यंत्रणांचा समन्वय : या चुका टाळा

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट. पाटबंधारे, महसूल, पोलीस, महापालिका, एनडीआरएफ, लष्कर सगळे राबत होते. अशा वेळी माणसांच्या आधी निरोप कमी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिली चूक क्युसेकची, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं त्या मापाची. ‘इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू’ हा निरोप धरणावरच्या अभियंत्याला पुरतो. पोलीस पाटलाला किंवा वॉर्डातल्या कर्मचाऱ्याला त्यातून काहीच करता येत नाही. त्याला कळायला हवं ते असं : ‘उद्या पहाटे पाचपर्यंत आयर्विनला ४० फूट होईल, आज अंधार पडायच्या आत नदीकाठच्या गल्ल्या मोकळ्या करा.’ क्युसेकचे फूट आणि तास करून देणं हे जिल्हा नियंत्रण कक्षाचं काम. ते गावावर ढकलू नका.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. तिथे ‘आदेश आला की कळवू’ चालणार नाही. दरवाजा उघडला की धरणावरून थेट कोल्हापूरच्या कक्षात फोन गेला पाहिजे. कृष्णेवरचं अलमट्टी धरण तर कर्नाटकात. त्याच्या उंचीचा वाद चालू राहील, पण पावसाळ्यात दोन्हीकडच्या अभियंत्यांचं बोलणं त्यासाठी थांबता कामा नये.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, असं धरू नका. टॉवर बंद पडतात, मोबाईल उतरतात. बिनतारी संचावर निरोप द्या आणि समोरच्याकडून तोच परत म्हणवून घ्या. अर्धा मिनिट जातो, पण ‘उजवा काठ’चा ‘डावा काठ’ होत नाही.

संपर्क यादी अधिकाऱ्यांच्या नावाने करू नका, पदाने करा. बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, पाऊस जूनमध्ये येतो.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण प्रत्यक्ष पाण्याच्या काठावर कोणाचा शब्द शेवटचा, हे ठरवायला पूर येईपर्यंत थांबू नका.

आणि गावातल्या होड्या हिशेबात धरा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळजवळ माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि जीव गेले. प्रत्येक नदीकाठच्या गावात होडी कोणाची, माणसं किती बसतात, लाईफ जॅकेट किती, ही नोंद मे महिन्यातच तहसील कार्यालयात आणि बचाव पथकाकडे, दोन्हीकडे हवी.