सड्यावरून खाजनापर्यंत: गावाचा नकाशा पायी कसा काढावा

गोव्यातल्या गावाचा नकाशा रस्त्यांवरून काढायला घेतलात तर फसाल. डांबरी रस्ते अलीकडचे. वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, वसले ते पाणी बघून. म्हणून सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरून निघा आणि पाण्यामागोमाग खाली उतरा.

आधी पावलाचं माप. सपाट वाटेवर ३० मीटर टेप पसरून तीनदा चाला आणि सरासरी काढा. चढावर पाऊल आखूड पडतं. तेच माप धरलं तर कागदावर वाडा उगाच लांब जातो, तेव्हा चढाचं माप वेगळं घ्या. १ सेंटिमीटरला ५० मीटर धरलं की दीड किलोमीटरचं गाव ३० सेंटिमीटरांत मावतं.

सड्यावर जांभा. पावसाचं पाणी त्याच्या छिद्रांतून जिरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि पायथ्याशी झर (झरा) होऊन फुटतं. झर सापडली की कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, फार लांब नसतं. झरी मे महिन्यातच टिपा. ऑगस्टात सगळी घाटीच पाझरते, बारमाही कुठली ते कळत नाही.

खाली भातजमीन: उंचावर मोरड, मधे रेताड खेर, नदीकाठी खाजन. पहिल्या दोन्हींची हद्द मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून चालत काढा. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, वसंत बंधारा (पाणी अडवणारा छोटा बांध) असेल तर खूण करा. त्याच्या पाण्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, होतं.

खाजनात मात्र घाई नको. जमीन भरतीच्या पातळीखाली असते. तिला राखतो तो बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाण्याचं दार. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ओहोटीचं पाणी पुरतं उतरण्याआधी तासभर तिथे पोहोचा, दारं उघडी दिसतील. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कालचं घड्याळ आज चालत नाही. दार नीट मिटत नसेल तर खारं पाणी आत येतं. बांधाच्या आतल्या अंगाला खारफुटीची रोपं उगवलेली दिसली की समजा, हे बरेच दिवस चाललंय. कुर्ल्यांची बिळंही नोंदवा. बांध फुटायला तेवढंही पुरतं.

शेवटी नावं. एक-चौदाच्या उताऱ्यावरचं (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद) शेताचं नाव आणि वाड्यावर बोलतात ते ताडून पाहा. वेगळी निघाली तर दोन्ही लिहा.