परदेशी निघताय? चेक-इन काउंटरवर अडवणाऱ्या या चुका टाळा

परदेश प्रवास फसतो तो बऱ्याचदा तिकडे पोचण्याआधीच, चेक-इन काउंटरवर. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसू शकतो, वर त्याला परत आणायची जबाबदारीही तिचीच. म्हणून काउंटरवरची माणसं आयाटाच्या (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) 'टायमॅटिक' यंत्रणेत त्या देशाचे नियम बघतात. नियमात बसत नसेल तर विनवण्या फुकट. हे नियम आयाटाच्या संकेतस्थळावर आपल्यालाही बघता येतात. तिकीट काढण्याआधी बघावेत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात पासपोर्टच्या मुदतीत. 'अजून चार महिने आहेत की' असं म्हणून निघू नका. बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत मागतात. शेंगेन देशांचं (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) गणित वेगळं: तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. शिक्क्यांसाठी कोरी पानं उरलीत का, तेही बघा.

तिकिटावरचं नाव पासपोर्टमध्ये आहे तसंच हवं. आडनाव एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं, हा नेहमीचा घोळ. चूक दिसली की त्याच दिवशी कंपनीला कळवा.

स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढत असाल तर सावध. मधल्या विमानतळावर बॅग आपणच घेऊन पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. कधी तर विमानतळच बदलतो: टोकियोत उतरायचं नरिता विमानतळावर, पुढचं विमान हानेदाहून. आणि १२ तारखेची ००:३० ची फ्लाइट असेल तर ११ च्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचं. हे सांगावं लागतं, कारण भले भले इथे चुकतात.

औषधांचा विचार मात्र कोणी करत नाही. एका देशात सर्रास मिळणारी गोळी दुसरीकडे गुन्हा ठरू शकते. सर्दीच्या औषधांतलं स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडॉल या वेदनाशामकांसाठी आधी परवानगी लागते. डबीत सुट्या गोळ्या भरू नका. नाव दिसेल अशी अख्खी पट्टी, सोबत घटकाचं नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी, आणि दोन्ही हातातल्या बॅगेत. पीतज्वराची (यलो फीवर) लस सक्तीची असेल तर किमान १० दिवस आधी घ्या, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची (बॅटरीतल्या ऊर्जेचं माप) सहसा केबिनमध्ये चालते. हिशेब सोपा: २०,००० एमएएच भागिले १००० गुणिले ३.७ (बॅटरीचे व्होल्ट), म्हणजे ७४ वॉट-अवर. छापील आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच ठेवलेली बरी. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, तिथे फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो. हेअर ड्रायरचं तसं नाही, तो बहुधा एकाच व्होल्टेजवर चालतो. जपानमध्ये १०० व्होल्ट, युरोपात २३०.

बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग निघण्याआधी सुरू करा. कार्ड मशीनने 'तुमच्या चलनात की इथल्या?' असं विचारलं तर इथल्या म्हणा, नाहीतर दर महाग पडतो. थायलंडला जाण्याआधी ऑनलाइन भरायचं डिजिटल आगमन कार्ड मोफत आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही.

एवढं करूनही काउंटरवर अडवलंच, तर आवाज चढवू नका. नेमका कोणता नियम आड येतोय ते विचारा आणि टायमॅटिकमधली नोंद दाखवायला सांगा. पुष्कळदा अडचण फक्त परतीच्या तिकिटाची असते, ते तिथल्या तिथे फोनवरून काढता येतं. काहीच जमत नसेल तर विमान सुटण्यापूर्वी तारीख बदलून घ्या. 'नो-शो' (न कळवता गैरहजर) लागला की त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही सहसा रद्द होतो.