माउस मुलांच्या हातात, मग बाईंनी काय करायचं?

मी ऐरोलीत दहावीला गणित शिकवते. नवे शिक्षक हमखास विचारतात, "जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर सगळं दाखवतंच, मग आपण लॅबमध्ये नुसतं फिरायचं का?" फिरायचंच. फक्त कुठे थांबायचं आणि काय विचारायचं, हे घरून ठरवून या.

वर्तुळाचं प्रकरण घ्या. (जिओजेब्रा फुकट आहे, एकदा उतरवलं की नेट लागत नाही.) एका कॉम्प्युटरवर दोघांना बसवा आणि माउस आलटून पालटून द्या. वर्तुळावर ए, बी, पी हे बिंदू घेऊन एपीबी कोन मोजायला लावा. आता पी सरकवला तर कोन वाढेल, कमी होईल की तसाच राहील? प्रत्येकाचा अंदाज वहीत उतरल्याशिवाय माउसला हात नाही. एवढी सक्ती मी करतेच, नाहीतर पोरं बिंदू गरागरा फिरवतात आणि तास संपतो.

पी सरकतो, कोन ४० अंशच. मग पी बीच्या पलीकडे दुसऱ्या कंसावर जातो आणि एकदम २२०! "बाई, बिघडलं!" इथे सेटिंगमध्ये जाऊन १८०च्या आतला कोन दाखवायचा मोह होतो. नका दाखवू. सॉफ्टवेअर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतं, म्हणून प्रविशाल कोन, म्हणजे १८०हून मोठा कोन, आलाय. पण तेही लगेच सांगू नका. "मग आतला कोन किती?" एवढंच विचारा आणि पुढच्या बाकाकडे जा. ३६० वजा २२०, म्हणजे १४०. आधीचे ४० शेजारी लिहिले की कुणीतरी बेरीज करतंच. ए, बी आणि पीच्या दोन्ही जागा जोडल्या की चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेला, म्हणजे चक्रीय, चौकोन होतो. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८० येते, हे फळ्यावर लिहायची वेळ ही.

त्यानंतर मुलांचे मॉनिटर बंद. "इतक्या जागी पाहिलं, आता सिद्धता कशाला?" हा प्रश्न येणारच. तेव्हा आपल्या कॉम्प्युटरवर त्रिकोणाचे कोन शून्य दशांश स्थळांवर आणून दाखवा: कधी ६०, ५९, ६० येतात, बेरीज १७९! पडदा आकडे पूर्णांकात बसवतो, एवढं कळलं की वही उघडते. पक्ष, साध्य, केंद्रापासून त्रिज्या, समद्विभुज त्रिकोण. हे काम खडूनेच करा.

घरी मोबाइलवर करायला: एबी व्यास असेल तर पी पलीकडे गेल्यावर कोन किती दिसेल? अंदाज आधी, तोही पेनाने.