पडदा तपासायला जाण्याआधी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘पुढच्या वेळी बाहुली मोठी करून पडदा (डोळ्याच्या आतला, दिसणारं टिपणारा थर) बघू’ असं सांगितलं, की सगळ्यात आधी सोबत ठरवा. एकट्याने दुचाकीवरून कुडाळ-रत्नागिरी गाठायची सवय असली तरी त्या दिवशी गाडी घरीच राहू दे. ट्रॉपिकामाइडचा थेंब घातला की २०-३० मिनिटांत बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही, जवळचं अक्षर दिसेनासं होतं. हे साधारण ४ ते ६ तास टिकतं, काहींना अधिकही. परतीच्या एसटीची वेळ आधीच विचारून ठेवा. मोबाईलवर बघू म्हटलं तर तो वाचता येणार नाही. वाटेत खाडी असेल तर होडीत चढता-उतरताना आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर कुणाचा तरी हात धरायलाच हवा.

गॉगल घ्या, शिवाय छत्री किंवा टोपी. दुपारी पाण्यावरून आणि वाळूवरून येणारी तिरीप अशा डोळ्यांना फार त्रास देते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर चष्मा लावून जा. रोजची औषधं आणि नाश्ता मात्र चुकवू नका. अर्धा दिवस सहज जातो, म्हणून मधुमेह असलेल्यांनी पिशवीत खायला काहीतरी ठेवावं.

पिशवीतली खरी महत्त्वाची वस्तू म्हणजे चालू गोळ्यांच्या पट्ट्या. नावं पाठ नसतात, म्हणून पट्ट्याच न्या. बाहुली मोठी करायच्या थेंबांत अनेकदा फेनिलेफ्रिनही असतं आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर थेंब पडण्याआधी सांगा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ते आवर्जून सांगावं, पूर्वी घेऊन सोडलं असलं तरी. त्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही, आणि सर्जनला आधी कळलं तर तो तशी तयारी ठेवतो. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर तेही बोला. काचबिंदू आहे म्हणून थेंब चालतच नाहीत असं नसतं. धोका असतो तो डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायची वाट, अरुंद असेल तर. पूर्वी कुणी तसं सांगितलं असेल, घरात कुणाला अचानक उठणारा काचबिंदू झाला असेल, तर आधी कोन तपासून घ्या.

लहान मुलांच्या चष्म्याच्या नंबरासाठी कधी कधी ॲट्रोपिन घरी घालायला देतात. इथे मी जास्तच काळजी घ्यायला सांगेन. हात धुवा, खालची पापणी ओढून एकच थेंब घाला, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका, मग डोळा मिटवून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा. नाहीतर औषध अश्रूंच्या वाटेने नाकात आणि तिथून अंगात जातं. नंतर पुन्हा हात धुवा. तेच बोट तुमच्या डोळ्याला लागलं तर तुमचीही बाहुली मोठी होईल. मुलाचा चेहरा लालभडक झाला, तोंड कोरडं पडलं, ताप आला, मूल बेचैन झालं किंवा बरळायला लागलं, तर पुढचा डोस थांबवून लगेच दवाखाना गाठा. या औषधाने घाम कमी येतो, म्हणून आपल्या उकाड्यात मुलाला उन्हात खेळायला सोडू नका. परिणाम एक-दोन आठवडे राहू शकतो, तेव्हा तारीख परीक्षा टाळूनच घ्या.

पडदा तपासून घरी आल्यावर त्या दिवशी विळीवर मासळी कापणं नको, माडावर चढणं नको.

त्या रात्री डोळा खूप दुखायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, उलट्या झाल्या, तर पित्त समजून झोपू नका. डोळ्यातला दाब अचानक वाढल्याची ही लक्षणं असू शकतात आणि उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. सकाळच्या पहिल्या गाडीची वाट न पाहता १०८ ला फोन करा, आणि थेंब कधी घातले होते ते सांगा.

घरी दिलेल्या थेंबांची उरलेली बाटली घरात ठेवू नका. डोळे आले म्हणून तीच कुणीतरी घालतं, किंवा पोरांच्या हाती लागून तोंडात जाते.