गाडीत पाणी येतंय? आधी पाणी ओळखा, मग पाना उचला

घोडबंदर रोडवर किंवा नेरूळच्या एखाद्या सेक्टरमध्ये झाडाखाली रोज उभ्या राहणाऱ्या गाडीत जुलै उजाडेपर्यंत कुबट वास येऊ लागतो आणि काचा आतून धुरकटतात. मॅट वाळत घालून, वर परफ्यूम टांगून हे जात नाही. कार्पेटखाली जाड फोम असतो आणि तो काही लिटर पाणी पिऊन बसतो. वरून हात लावला तर नुसतं दमट लागतं. कित्येक गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट सीटखाली किंवा पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे असतात, म्हणून फार दिवस थांबू नका.

दाराखालची पट्टी काढा, कार्पेट उचला आणि फोमवर पांढरा टिश्यू दाबा. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर ते एसीचं किंवा पावसाचं. मातकट, हाताला कचकच लागणारं असेल तर तुंबलेल्या रस्त्यावरून खालून शिरलंय; पत्र्याच्या भोकांतली रबरी बुचं तपासा. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा गुलाबी असेल तर हीटरमधून कूलंट गळतोय. इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीची पातळी पाहा आणि गाडी गॅरेजला न्या. त्यात डॅशबोर्ड उतरवावा लागू शकतो, ते घरचं काम नाही.

कोरड्या दिवशीही डावीकडे पुढे ओलं होत असेल तर संशय एसीवर. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत एसी भरपूर पाणी काढतो. दहा-पंधरा मिनिटं एसी चालवल्यावर गाडीखाली पुढच्या बाजूला थेंब पडायलाच हवेत. ते पडत नाहीत आणि वळणावर डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते, म्हणजे एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली. धूळ, चिखल, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर. गवत कापायच्या यंत्रात असते तशी नायलॉनची दोरी खालून हलक्या हाताने चार-पाच इंच सरकवून फिरवा, त्याहून आत नको. मागे कूलिंग कॉइलच्या नाजूक पात्या असतात. तारेचा हँगर तर मुळीच नको. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

पाऊस पडल्यावरच ओलं होत असेल तर पाईप घेऊन दोघांनी बसायचं. एक बाहेर, एक आत टॉर्च घेऊन. आतल्या पट्ट्या काढून उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. पाण्याचा ओघळ तिच्यावर लगेच उमटतो. पाण्याला जोर नको, नोझल काढूनच ठेवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने दाराच्या कडेची चांगली बीडिंगही (रबरी पट्टी) गळताना दिसते आणि माणूस चुकीच्या जागी सिलिकॉन फासत बसतो. सुरुवात खालून: दाराचा तळ, मग बीडिंग, मग पुढच्या काचेचा खालचा काठ, मग बाजू, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडून जातो आणि काहीच कळत नाही.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत आधी वायपरखालची काळी जाळी पाहा. गुलमोहर आणि सोनमोहराची बारीक पानं तिथे कुजून गाळ होतात, दोन्ही टोकांची निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी चढून ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. वायपर काढण्याआधी काचेवर टेपने त्याच्या जागेची खूण करा. गाळ हाताने काढा, पाण्याने आत ढकलू नका.

दाराच्या कडेने ओलं असेल तर बीडिंगला लगेच दोष देऊ नका. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी जातंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. अँटी-रस्ट कोटिंग मारताना ही भोकं बुजतात. आणि स्पीकर बसवणारे डोअर पॅडमागचं (दाराच्या आतल्या पॅनेलमागचं) प्लास्टिक फाडतात किंवा अर्धवट चिकटवतात, त्यामुळे आतलं पाणी केबिनमध्ये येतं. पॅड उतरवा, जुना डिंक साफ करून जागा सुकवा आणि बुटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) प्लास्टिक पुन्हा लावा. त्याचा खालचा काठ दाराच्या पोटात वळलेला हवा, नाहीतर सगळी मेहनत वाया. बीडिंग तपासायला दारात नोट अडकवून ओढा. सहज निसटली तर तिथे रबर दबून सैल पडलंय.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांत कपभर पाणी हळू ओता. ते चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी बाहेर यायला हवं. तुंबली असेल तर तीच नायलॉनची दोरी वापरा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी जोडातून सुटू शकते आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं. डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर बहुधा टेललाइटचं गॅस्केट (मागची रबरी चकती) गळतंय. आणि काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर ज्याने बदलली त्याच्याकडूनच पुन्हा बसवून घ्या, वरून सिलिकॉनचा थर नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं.

सुकवणं हे अर्धं काम आहे. सीट काढायच्या असतील तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून थोडं थांबा, आणि सीटखालचे कनेक्टर सुटे असताना इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागतो. फोम बाहेर काढून घरात पंख्याखाली उभा ठेवा. गाडीतच ठेवून पावसाळी हवेत तो वाळत नाही. कार्पेट परत बसवण्याआधी त्याच जागी दहा मिनिटं पाणी सोडा आणि पत्र्यावर कोरडे वर्तमानपत्र पसरून एक-दोन पावसाच्या रात्री गाडी नेहमीच्या जागी उभी करा. कागद कोरडे राहिले तरच पट्ट्या ठोका.